विल्फ ग्रिमशॉचा वरचा ओठ

आमच्याकडे राहणाऱ्या मिस्टर ऑब्री डेलाफील्डनी गेल्या वर्षापर्यंत सव्वीस सिनेमांत काम केलं होतं. त्यातल्या एकोणीस सिनेमांत ते दार उघडतात, सहांमध्ये दार बंद करतात आणि एकात दाराआड मरून पडलेले सापडतात. सगळीकडे बटलर. मेलेलेसुद्धा बटलरच होते, पण तिथे बोलायला काही नव्हतं म्हणून तो सिनेमा ते मोजताना जरा हळू आवाजात मोजतात.

स्टुडिओचं फाटक आमच्या गल्लीच्या टोकाला आहे आणि आई नटांना खोल्या भाड्यानं देते. त्यामुळे न्याहारीच्या टेबलावर कधी फाशी गेलेला राजा असतो, कधी कालच पकडला गेलेला खुनी असतो, आणि दोघं एकाच चमच्याभर मुरंब्यावरून भांडत असतात. पण डेलाफील्डकाका सगळ्यांत जुने. मी तीन वर्षांची होते तेव्हा ते पंधरा दिवसांसाठी म्हणून आले आणि आता मी सोळाची आहे. ते घरातसुद्धा बटलरच असायचे. आईनं तव्यावरून खारवलेला मासा उतरवला की ते खुर्चीमागे ताठ उभे राहून सांगायचे, "मासा आला आहे, मिस बेरिल." एखादा जहागीरदार बग्गीतून उतरल्यासारखा तो मासा वाटायचा. रेशनचं लोणी माझ्या नखाएवढं, पण त्यांनी बशी पुढे केली की घ्यायला संकोच वाटायचा.

मी गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करते, आणि काकांची सगळ्यांत सोपी. भुवई बोटभर वर न्यायची, आवाज असा काढायचा की जणू तळघरातून जपून बाटली आणताय, आणि वरचा ओठ अजिबात हलवायचा नाही. अजिबात म्हणजे अजिबात. तो ओठ त्यांच्या तोंडावर खिडकीच्या चौकटीसारखा बसवलेला होता. जे काही हलायचं ते खाली.

तो ओठ असा जन्मतः नव्हता. तो बसवायला दोन वर्षं लागली होती.

काकांचं खरं नाव विल्फ ग्रिमशॉ. ब्रॅकनशॉ नावाचं कापडगिरण्यांचं गाव आहे वर उत्तरेला, तिथले. आई विणकर, बहीण विणकर, ते स्वतः तेराव्या वर्षापासून मागांखालचा कचरा झाडायचे. सतराव्या वर्षी गावात नाटक कंपनी आली, तिच्यातल्या नोकराचं काम करणाऱ्या माणसाला गालगुंड झालं, आणि विल्फनं एका संध्याकाळपुरता त्याचा कोट घातला. कोट अंगाला बसला. कंपनी निघाली तेव्हा कोट आणि विल्फ दोन्ही कंपनीबरोबर गेले.

लंडनमध्ये मिस पिम नावाच्या बाई नटांना बोलणं शिकवायच्या. त्यांनी विल्फचं एक वाक्य ऐकलं आणि खिडकी लावून घेतली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग वरच्या ओठावर आगपेटीतली काडी आडवी ठेवून त्याला धडे वाचायला लावले. काडी पडली की पहिल्यापासून. "घरंदाज माणसाचा वरचा ओठ हलत नाही, मिस्टर ग्रिमशॉ," त्या म्हणायच्या. "हलतो तो कोळसेवाल्याचा." दोन वर्षांनी काडी पडायची थांबली. मग त्यानं ऑब्री हे नाव एका कबरीवरून घेतलं, डेलाफील्ड एका मुरंब्याच्या बरणीवरून, आणि बोलपट सुरू झाल्यावर दारं उघडायला लागला.

लढाईत काका आमच्या गल्लीचे हवाई हल्ल्याचे पहारेकरी होते. भोंगा वाजला की शिरस्त्राण घालून तळघराच्या दाराशी यायचे आणि म्हणायचे, "शत्रूची विमाने आली आहेत, मिसेस पॉटिंजर. आपण खाली जाण्याची कृपा कराल का?" आई म्हणते की त्या सुरात सांगितल्यावर बॉम्बला घाबरणं असभ्यपणाचं वाटायचं.

तर असे ते. सगळं ठीक होतं, एक गोष्ट सोडून.

प्रत्येक सिनेमा ब्रॅकनशॉच्या थेटरात लागला की काका बहिणीला, म्हणजे एथेलला, पत्र टाकायचे. पत्रात हवापाण्याच्या चार ओळी आणि शेवटी एक प्रश्न: आई काय म्हणाली? आठवड्यानं उत्तर यायचं. एथेलच्या घरच्या बातम्या, कुणाला बाळ झालं, कुणाचं मांजर हरवलं, आणि शेवटी: "आई म्हणाली, तब्येत बरी दिसते." सव्वीस सिनेमे, सव्वीस पत्रं, सव्वीस वेळा तब्येत बरी दिसते. दाराआड मेलेल्या सिनेमानंतरसुद्धा तब्येत बरी दिसते.

पत्र वाचून काका ते घडी करून खिशात ठेवायचे आणि त्या दिवशी कुठलाही मासा जाहीर करायचे नाहीत.

त्यांना कारण ठाऊक होतं, असं त्यांना वाटायचं. लढाईच्या आधी ते शेवटचे घरी गेले होते तेव्हा गल्लीतली पोरं त्यांच्यापुढे पळत सुटली आणि प्रत्येक घराचं दार उघडून कमरेत वाकून उभी राहिली. गुत्त्यात शिरले तर अख्खा गुत्ता उठून उभा राहिला आणि कुणीतरी विचारलं, साहेब, हत्ती कुठे बांधलात. त्यांची आई घरात होती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली, आणि ते बोलत राहिले, आणि ती काही म्हणाली नाही. काकांनी ओळखलं की आईला आपली लाज वाटते. त्यानंतर अकरा वर्षं ते गेलेच नाहीत. पैसे पाठवायचे, नाताळात केक पाठवायचे, स्वतःला नाही.

मग गेल्या वर्षी स्टुडिओला गिरणीवरचा सिनेमा काढायची लहर आली.

दिग्दर्शक होते मिस्टर रूपर्ट हेविट, वय एकोणतीस, मफलर सहा फूट. उत्तरेकडचा मुलूख त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून बघितला होता, तोही डोळा लागायच्या आधी. पण त्यांना खरी माणसं हवी होती. खरा धूर, खरा घाम, खरी बोली. स्टुडिओच्या कचेरीतल्या मुलीनं जुन्या कागदांत शोधलं तर जन्मगाव ब्रॅकनशॉ असलेला एकच नट निघाला. तो म्हणजे आमचे बटलर.

काम मोठं होतं. नायकाचा बाप, मागांची दुरुस्ती करणारा जेथ्रो. चाळीस संवाद, आणि एकही दार नाही. तीन आठवड्यांनी कॅमेऱ्यासमोर चाचणी. काका कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. म्हणाले, हा सिनेमा ब्रॅकनशॉला लागेल. आई म्हणाली, लागेलच की. ते म्हणाले, मग ह्या वेळी ती काहीतरी म्हणेल.

आणि त्यांनी पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. वाक्य होतं, बायको, मी चाललो गिरणीत. आईनं इस्त्री थांबवून विचारलं, कोण वारलं?

पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. खिळ्यावर बसलेला सरदार कसा बोलेल तसं ते निघत होतं. गावची बोली त्यांना आठवत होती, कानात होती, पण तोंडातून निघताना तिच्या अंगावर आपोआप कोट चढायचा. मी मदत म्हणून रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमात उत्तरेचा माणूस जसा बोलतो तसं बोलून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बेरिल," ते म्हणाले, "हे ऐकून माझ्या गावचे लोक तुला कालव्यात टाकतील." तेसुद्धा अशा सुरात, की कालवा वाढून ठेवला आहे, मी कधीही यावं.

दोन आठवडे गेले, काही जमेना. शेवटी आईनंच तोडगा काढला. बहिणीला बोलावून घ्या. ती चार दिवस ह्या घरात तोंड चालवेल, तुम्ही ऐका.

एथेल आली ती सोमवारी दुपारी. टोपीवर लाकडी चेरी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी. तिशीपासून गिरणीत चार-चार माग एकटीनं सांभाळणारी बाई, दंड माझ्या मांडीएवढे. आम्ही सगळे दाराशी कान टवकारून उभे. काकांनी तर वही काढली होती. एथेलनं आईचा हात हातात घेतला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "आपल्याला भेटून अत्यंत आणंद झाला, मिसेस पॉटिंजर. काय रमणीय दिवाणखाणा आहे आपला."

काकांनी वही मिटली.

आमच्याकडे ही खोड घराघरात आहे. टेलिफोन उचलला, डॉक्टर आला, पाद्री भेटला, की जो तो दुसराच कुणी होतो. माझी आईसुद्धा टेलिफोनवर जी बाई होते ती मी कधी प्रत्यक्षात पाहिलेली नाही. आणि एथेल तर सिनेमातल्या भावाच्या घरी आली होती. दक्षिणेतल्या लोकांपुढे आमच्या विल्फची मान खाली जायला नको म्हणून तिनं गाडीत सगळ्या वाटेनं सराव केला होता. काकांनी तिला एकांतात विनवलं, जरा नेहमीसारखी बोल. ती म्हणाली, मी नेहमीच अशी बोलते, ऑब्री.

मंगळवार तसाच गेला, बुधवारही. घरात आता दोन सरदार झाले होते. मी दोघांच्या नकला आळीपाळीनं केल्या तर आई म्हणाली, कार्टे, निदान तू तरी माणसात राहा. शुक्रवारी चाचणी.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला आईनं पाहुणीच्या मानासाठी तिच्या गावचा पदार्थ करायचं ठरवलं. मटण, कांदा, वर बटाट्याच्या चकत्या, आणि तासन्‌तास भट्टीत. चौघांचं आठवड्याचं मटण त्यात गेलं, तरी हांडी अर्धी रिकामी दिसायला लागली म्हणून आईनं चार गाजरं चिरून टाकली. टेबलावर हांडी आली, वाफ आली. एथेलनं पहिला घास घेतला, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाली, "अत्यंत रुचकर, मिसेस पॉटिंजर."

आणि आई मीठ आणायला वळली त्या क्षणी एथेलनं टेबलापलीकडे भावाकडे बघितलं आणि तिचं तोंड हललं. आवाज नाही. नुसतं तोंड. पण कसं तर, रबराचं असल्यासारखं: ओठ ताणले गेले, गोल झाले, नाकापर्यंत गेले, दात दिसले, जबडा खाली आला. मी काटा धरून तशीच राहिले. असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं.

आणि समोरून विल्फ ग्रिमशॉचं तोंड हललं. वरचा ओठ उचलला गेला. बारा वर्षांत मी तो पहिल्यांदा हललेला बघितला. खाली दात होते.

गिरणीत मागांचा खडखडाट इतका असतो की शेजारच्या बाईच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून विणकर बायका आवाजाशिवाय बोलतात, नुसत्या तोंडानं, सगळी शेड ओलांडून. बाळंतपणं, भांडणं, लग्नं, सगळं तसंच. तिथली मुलं चालायच्या आधी ते शिकतात. आवाजावर एथेलचा ताबा होता. ह्याच्यावर नव्हता, कारण ह्याच्यात घरंदाज बोलायची सोयच नाही.

पण काकांची सवय गेलेली. तीस वर्षांनी तोंड तसं हललं आणि त्याच्यामागून, त्यांच्या नकळत, आवाजही बाहेर पडला.

"गाजरं? हिनं गाजरं घातली व्हय गं? आई हितं आसती तर ही हांडीच हिच्या डोस्क्यात घातली आसती."

मीठ हातात घेऊन माझी आई दारात उभी होती.

काका पांढरे पडले. एथेल मात्र टाळ्या पिटत उठली, टोपीवरची चेरी नाचायला लागली, आणि तीन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "आला! आमचा विल्फ आला! आवो बाई, तुमच्या गाजरांचं लई लई उपकार झालं बघा."

आई दोन दिवस काकांशी बोलली नाही, पण ते नंतर. त्या रात्री हांडी संपेपर्यंत एथेल खऱ्या आवाजात बोलत होती, आणि मी एक शब्द सोडला नाही. आणि बोलता बोलता ते निघालं. काका म्हणाले, मी हे आईसाठी करतोय, निदान एकदा तरी तिला माझी लाज वाटू नये म्हणून. एथेलनं चमचा खाली ठेवला.

"लाज? कुणाला, आईला?" ती म्हणाली. "विल्फ, तिला काय बी ऐकू येत न्हाई रं. मागांनी कान खाल्लं तिचं. आधी कमी यायचं, लढाईत पार गेलं. मला शपथ घातली हुती, त्याला सांगू नगंस, काळजी करत बसंल."

काकांना कळेना. म्हणाले, पण ती सिनेमे बघायला जाते.

"जाती की. परत्येकाला जाती. पैल्या रांगेत बसती आन्‌ तुझ्या त्वांडाकडं बघती. साऱ्या नटांचं बोलणं तिला ओठांवरनं कळतंय. फकस्त तुझंच न्हाई कळत. तुझा ओठ कुटं हलतुया? घरला येऊन म्हणती, त्या लंडनवाल्यांनी माझ्या पोराचं त्वांड शिवून टाकलंय. मग मी काय लिवू? तब्येत बरी दिसती, ते तिला दिसतंय म्हणून त्येवढंच लिवते."

काका उठले, दिवाणखान्यात गेले. तिथे आरशासमोर उभे राहिले आणि वरचा ओठ दोन बोटांनी धरून वर-खाली केला. गंजलेली कडी सैल करतात तसा.

गुरुवारभर भाऊ बोळाच्या ह्या टोकाला, बहीण त्या टोकाला, आणि मधे एक शब्दाचा आवाज नाही. मग संध्याकाळी त्या तोंडावर हळूहळू आवाज चढवला. ओठाला इतका व्यायाम झाला की तो सुजला, आणि आईनं, न बोलता, हंसाच्या चरबीची वाटी त्यांच्या दाराशी ठेवली. शुक्रवारी चाचणीत काकांनी बायकोला सांगितलं की आपण गिरणीत चाललोय, आणि ह्या वेळी कुणी वारलं नाही. मिस्टर हेविटनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. फक्त एवढंच विचारलं की हे जरा कमी खरं करता येईल का, कारण खरं ऐकून आपल्याला एक अक्षर कळलेलं नाही. काम मिळालं.

शेडमधला प्रसंग तर मी स्वतः बघितला, कारण गिरणीतल्या पोरी म्हणून स्टुडिओनं आमच्या गल्लीतल्या अकरा जणी घेतल्या होत्या आणि चौथ्या मागापाशी जी जांभई देते ती मी. सहा खरे माग आणले होते. ते सुरू झाले तेव्हा आवाज टिपणारा माणूस कानावरची यंत्रं काढून बाहेरच निघून गेला. प्रसंग असा, की जेथ्रो गाव सोडून चाललाय आणि शेडच्या दारातून आत काम करणाऱ्या बायकोला निरोपाचं ओरडून सांगतो: मार्था, मी परत येईन, आपलं प्रेम अमर आहे. चार वेळा ओरडून झालं. ऐकू काहीच येईना. मिस्टर हेविट डोकं धरून बसले.

तेव्हा काका अदबीनं म्हणाले, "साहेब, शेडमध्ये कुणी ओरडत नाही. तिथे नुसत्या तोंडानं बोलतात. परवानगी असेल तर तसं करतो."

मिस्टर हेविटना ते फारच सुंदर वाटलं. माग सुरू झाले, कॅमेरा काकांच्या तोंडावर आला, जवळ, आणखी जवळ. काकांनी कॅमेऱ्याकडेच बघितलं, आणि तोंड हललं. रबर. पाच-सहा वाक्यं तरी असतील. मिस्टर हेविटच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विचारलं, नेमकं काय म्हणालात? काकांची भुवई बोटभर वर गेली.

"पटकथेत आहे तेच, साहेब."

मला तेव्हा चारच शब्द वाचता येत होते, त्यामुळे मी काही खात्रीनं सांगू शकत नव्हते. पण त्या चारांतला एक चहा होता.

लंडनमध्ये सिनेमा लागला. वर्तमानपत्रांनी त्या प्रसंगाला मूक अश्रूंचं काव्य वगैरे म्हटलं. काकांनी ते वाचलंसुद्धा नाही. मग एका शनिवारी दुपारच्या खेळाला तो ब्रॅकनशॉला लागला आणि आम्ही तिघं गाडीत बसून गेलो: काका, मी, आणि आई, जी गाजराचा शब्द काढायचा नाही ह्या अटीवर आली होती.

थेटराच्या दारापर्यंत काका आले आणि तिथे त्यांचे पाय थांबले. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी इथेच थांबतो. आणि इथेच थांबतो म्हणजे काय, तर सवयीनं दार धरून उभे राहिले. लोक आत येत होते, त्यांना आपोआप छत्र्या देत होते. एका बाईनं तर कुत्रा दिला. एकानंही ओळखलं नाही.

आत पहिल्या रांगेत एथेलच्या शेजारी एक चिमुकली म्हातारी बसली होती. काळी टोपी, मांडीवर पेपरमिंटचा पुडा, पाय जमिनीला टेकत नव्हते. आम्ही तिच्या मागच्याच रांगेत. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. अख्खं थेटर हाताची घडी घालून बसलेलं, बघू तर खरं ह्या अर्थानं. जेथ्रो पडद्यावर आला, बायकोला म्हणाला मी चाललो गिरणीत, आणि माझ्या पाठीमागे एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, आयला, ह्यो तर बोलतुया. बस्‌, एवढंच. पण हाताच्या घड्या सुटल्या.

म्हातारीची घडी नव्हतीच. ती पुढे वाकली होती. जेथ्रोचा ओठ हलला की तिचाही ओठ हलायचा, घास भरवताना आयांचं तोंड उघडतं तसा. जेथ्रोनं विनोद केला, थेटर हसलं, आणि अर्ध्या श्वासानंतर म्हातारीही हसली. एथेलनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरून आलेले मला त्या अंधारातसुद्धा दिसले.

मग शेडचा प्रसंग आला. माग धडाडले. पडद्यावर काकांचं तोंड घराएवढं झालं, आणि हललं.

लंडनमध्ये ह्या ठिकाणी लोक रुमाल काढायचे. इथे साडेचारशे विणकर बसलेले. बाल्कनीपासून खालपर्यंत थेटर असं फुटलं की मला वाटलं छत आलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. एक म्हातारा खुर्चीचा हात बडवत होता. माझी आई विचारतेय, काय झालं, काय म्हणाला तो, आणि शेजारची बाई डोळे पुसत सांगतेय. तो म्हणाला होता: "आई, किटली ठेव. हिकडं चहा म्हंजी भांडी इसळल्यालं पाणी. आन्‌ ह्यो मफलरवाला साहेब, ह्येला मागाचं टकुरं कंचं आन्‌ ढुंगण कंचं त्ये ठावं न्हाई. गाडी गावली की आलोच."

त्या गदारोळात पहिल्या रांगेतली म्हातारी खुर्चीवरून उठून उभी राहिली. ज्याला ऐकू येत नाही तो किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळत नाही, त्यामुळे ते रस्त्यापर्यंत गेलं असेल.

"कवाच ठेवलीया," ती पडद्याला म्हणाली. "वरडू नगंस. आयकू येतंय मला."

मी बाहेर धावले. मला हे काकांना सगळ्यात आधी सांगायचं होतं, त्यांच्याच आवाजात. पण दाराशी छत्र्यांचा ढीग होता आणि खांबाला बांधलेला कुत्रा. काका नव्हते. त्यांनी बाहेरून फक्त हशा ऐकला होता. साडेचारशे माणसांचा हशा, त्याच गावचा, आणि त्यांना वाटलं, झालं, पुन्हा तेच.

ते रस्त्यापलीकडे होते, स्टेशनकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर, टोपी डोळ्यांवर ओढून. मी हाका मारल्या, पण मधून दारूची पिंपं लादलेल्या गाड्या खडखडत चालल्या होत्या, एकामागून एक, आणि माझा आवाज त्यात गेला. बस वळणावर दिसायला लागली.

मला कुणीतरी कोपरानं बाजूला सारलं. म्हातारी होती. ती फुटपाथच्या कडेला येऊन उभी राहिली, हाक वगैरे मारली नाही. दोन पिंपांच्या फटीतून काकांची नजर उचलली गेली तेवढ्यात तिचं तोंड हललं.

शेडमधल्या त्या दिवसानंतर काकांच्या मागे लागून मी बऱ्यापैकी शिकले होते, त्यामुळे हे मला पूर्ण वाचता आलं.

"तब्येत खराब दिसती," ती म्हणाली. "वाळलायस. ये हिकडं, चहा निवतुया."

बस आली, थांबली, आणि काकांना न घेता गेली. ती गेल्यावर ते अजून तिथेच उभे होते, आणि त्यांचा वरचा ओठ इतका हलत होता की त्यातून एकही शब्द वाचता येत नव्हता.

आता ते पुन्हा बटलरच आहेत. तसा बटलर दुसरा कुणाला जमत नाही, आणि मिस्टर हेविटना मागाचं टकुरं अजून सापडलेलं नाही. पण नीट बघा. साहेब पाठमोरा झाला, काकांनी दार ओढून घेतलं, की ते मिटायच्या आधी एक क्षण त्यांचं तोंड हलतं. लंडनला वाटतं, जबड्याची काही जुनी तक्रार असेल. ब्रॅकनशॉला सिनेमा लागला की पहिल्या दिवशी तिकीट मिळत नाही. आणि एथेलच्या पत्रात आता हवापाण्याला जागा उरत नाही. आई काय म्हणाली, ह्यालाच चार पानं लागतात, आणि त्यातलं निम्मं मला काका वाचून दाखवत नाहीत.